जुन्या ट्रक इंजिनातील टकटक आणि मिसफायर : निदानाचा क्रम

या टिपणात एकच प्रश्न घेतला आहे. जुन्या डिझेल ट्रकचे इंजिन एका लयीत टकटक करते आहे आणि त्याच वेळी एखादा सिलिंडर मिस मारतो आहे. दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर शोध कुठून सुरू करायचा? वाचण्यापूर्वी चार-स्ट्रोक चक्र, व्हॉल्व्ह टायमिंग आणि ॲडिअबॅटिक कॉम्प्रेशनचे सूत्र एवढे आठवून घ्यावे. बाकीचे ओघात येईल.

परीक्षेत 'मिसफायरिंगची कारणे लिहा' असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी आठ-दहा कारणे धडाधड लिहून मोकळे होतात. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. पण गाडीसमोर उभे राहिल्यावर ती यादी फारशी कामाची नसते, कारण तिथे प्रश्न वेगळा असतो: या दहांपैकी कोणते, आणि ते कमीत कमी उघडझाप करून कसे ठरवायचे? ज्याची एकच गाडी आहे आणि तिच्यावर कर्जाचा हप्ता चालू आहे, त्याचे हेड विनाकारण उतरवले तर गॅस्केट, मजुरी आणि दोन-तीन दिवसांचे भाडे हे सगळे त्याच्या खिशातून जाते. म्हणून निदानाचा क्रम महत्त्वाचा. जी चाचणी काहीही न उघडता होते ती आधी, जिला पाना लागतो ती नंतर, आणि हेड सर्वांत शेवटी.

इंजिन आधी ओळखा

उदाहरणासाठी टाटाचे ६९७ इंजिन घेऊ. आमेरच्या पुढे कूकसच्या बाजूला, दिल्ली रस्त्यालगतच्या गॅरेजांत हे इंजिन अजून दिसते आणि विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी याच्याइतके सोयीचे इंजिन नाही. नावातच माहिती आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर. आकारमान स्वतः काढून पाहा, ५,६७५ घन सेंटिमीटर येईल. याच रीतीने ४०७ गाडीतले ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि तेच ९७ चे बोअर. स्ट्रोक मात्र १०० मिलिमीटर, म्हणून २,९५६ घन सेंटिमीटर. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ असे पंधरा वर्षे चालले. ६९७ चे बोअर आणि स्ट्रोक मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाचेच आहेत, हा त्या नात्याचा ठसा.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आहे, वर पुशरॉड आणि रॉकर आहेत, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आहेत आणि डिझेल देणारा पंप पूर्णपणे यांत्रिक, एका ओळीत सहा प्लंजर असलेला आहे. सेन्सर नाही, ईसीयू नाही, त्यामुळे स्कॅनर लावून कोड वाचण्याचा प्रश्नच येत नाही. जे काही कळायचे ते कान, हात, डोळे आणि थोडे गणित यांनीच.

फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. ही पाठ असू द्या, पुढे लागणार आहे.

आवाजाची वारंवारता

बहुतेक लोक आवाज ऐकतात आणि लगेच नाव ठेवतात: 'टॅपेट वाजतोय'. नाव ठेवण्याआधी तो मोजावा. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला क्रँक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १० फेरे झाले, आणि कॅमशाफ्टचे ५. एका व्हॉल्व्हचा टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला ५ ठोके पडतील. जी वस्तू क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला वाजते, उदाहरणार्थ ढिला झालेला पुलीचा बोल्ट किंवा फ्लायव्हीलकडचा दोष, तिचे ठोके सेकंदाला १० पडतील.

सेकंदाला पाच ठोके कानाने मोजता येत नाहीत. मोबाइलवर दहा सेकंद रेकॉर्डिंग करा आणि ते चौपट हळू चालवा. मग सेकंदाला सव्वा ठोका पडतो, तो कोणीही मोजेल. दहा सेकंदांत ५० च्या आसपास ठोके आले तर आवाज अर्ध्या वेगाचा, १०० च्या आसपास आले तर क्रँकच्या वेगाचा. डॅशबोर्डवरच्या जुन्या आरपीएम मीटरवर विसंबू नये. पुलीवर चुन्याची खूण करून हातातल्या टॅकोमीटरने वेग मोजावा. आमच्या वर्गात एका मुलीने रेकॉर्डिंग संगणकावर घेऊन ध्वनीच्या आलेखातले उंचवटे मोजले. ती पद्धत तर उत्तमच.

आता लक्षात घ्या की अर्ध्या वेगाचा आवाज म्हणजे टॅपेटच, असे सिद्ध होत नाही. दर दोन फेऱ्यांत एकदा घडणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. एका सिलिंडरमधले ज्वलन हे दोन फेऱ्यांत एकदाच होते. म्हणून नोझल बिघडल्याने होणारा एका सिलिंडरचा नॉक, इंजेक्टरच्या बुडातून निसटणारा वायू, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून निसटणारा वायू हे सगळे अर्ध्या वेगानेच वाजतात. डिझेल पंपही अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्यावर बसलेला फीड पंपसुद्धा या यादीत आहे. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका कधी दर फेऱ्याला, तर कधी फक्त ज्वलनाच्या वेळी जोरात येतो. तिथे निव्वळ मोजणीवर निर्णय देऊ नये. मोजणीने आपण बाहेरच्या वस्तू वेगळ्या काढतो, एवढाच तिचा उपयोग. पंख्याचा आणि अल्टरनेटरचा पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवले की तो भाग निकालात निघतो. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर संशयित असेल तर टाकी पूर्ण भरून हवा 'फुस्स' होईपर्यंत थांबावे. त्या क्षणी त्याच्यावरचा भार जातो. आवाज बदलला तर तिकडे पाहावे.

मग आवाजाची जागा. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला, ही जुनीच रीत. फक्त पंख्याकडे लक्ष असावे. ओढणी, मफलर, सैल बाही, गळ्यातले ओळखपत्र हे सगळे आधी काढून ठेवायचे, चाकांना ओट लावायची, गियर न्यूट्रल. हे दर वर्षी सांगावे लागते.

मिसफायर थंडीतच का वाढतो

सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात तीन पॉवर स्ट्रोक होतात. ६०० आरपीएमला सेकंदाला ३०. त्यातला एक सिलिंडर गळाला की सेकंदाला पाच वेळा धक्का चुकतो आणि केबिन त्या लयीत हलू लागते. म्हणजे टकटक पाचाच्या लयीत आणि हादराही पाचाच्या लयीत. दोन्ही एकाच सिलिंडरचे असण्याची शक्यता इथे पहिल्यांदा डोक्यात आली पाहिजे, आणि एकाच कारणाचे असण्याचीही.

आमेरकडच्या डोंगररांगेत जानेवारीची पहाट चांगलीच गारठलेली असते. किल्ल्याखालच्या तलावाचे नाव मावठा आहे. मराठीत मावठा म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, आणि राजस्थानातही मावठ म्हणजे तेच. असा पाऊस पडून गेल्यावरच्या सकाळी तापमान ५ अंश धरू, म्हणजे २७८ केल्विन. कॉम्प्रेशन रेशो १७ आणि घातांक १.३५ घेतला, तर कॉम्प्रेशनच्या शेवटी हवेचे तापमान २७८ गुणिले १७ चा ०.३५ वा घात, म्हणजे सुमारे ७४९ केल्विन. ४७६ अंश सेल्सिअस. डिझेल पेटायला हे पुरेसे आहे, जरी थंड भिंती त्यातली बरीच उष्णता खातात. आता समजा त्या सिलिंडरमधून हवा गळते आणि परिणामी रेशो १७ ऐवजी १० असल्यासारखा झाला. मग तापमान येते ६२२ केल्विन, ३४९ अंश. त्यातून भिंतींनी खाल्लेली उष्णता वजा करा. डिझेल एक तर उशिरा पेटेल, किंवा पेटणारच नाही आणि न जळलेल्या वाफेचा पांढरा धूर होऊन बाहेर जाईल. तोच सिलिंडर मे महिन्यात, ४० अंशांच्या हवेत, ४२८ अंशांपर्यंत पोचतो आणि कसाबसा चालून जातो. 'उन्हाळ्यात गाडी ठीक होती' हे ड्रायव्हरचे म्हणणे म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्यात कॉम्प्रेशन गळतीची खूण आहे.

उलट, इंजिन गरम झाल्यावरही मिस तसाच राहत असेल, काळा धूर येत असेल, तर नोझल, प्लंजर किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्हकडे आधी पाहावे. आणि मिस एकाच सिलिंडरचा नसून कधी हा, कधी तो असा फिरता असेल, तर बहुधा डिझेलमध्ये हवा शिरते आहे: टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप, फिल्टरची सील, बॅन्जो बोल्टचे वॉशर तपासावेत.

एकेक सिलिंडर बंद करून पाहणे

ही या विषयातली सर्वांत बोलकी चाचणी. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचे नट अर्धा फेरा ढिले करायचे. त्या सिलिंडरचे डिझेल बाहेर झिरपते आणि तो सिलिंडर बंद पडतो. चालू सिलिंडर बंद केला तर इंजिन अडखळते. आधीच मेलेला बंद केला तर काहीच फरक पडत नाही. गव्हर्नर लगेच जास्त डिझेल देऊन वेग सावरतो, म्हणून नट ढिले होतानाच्या पहिल्या क्षणाकडे लक्ष ठेवावे.

दोन सूचना. या जुन्या इंजेक्टरांचा उघडण्याचा दाब २०० बारच्या आसपास असतो. अशा दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरू शकते. चष्मा, हातमोजे, नटावर फडके, आणि धारेसमोर बोट कधीही नाही. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची: कॉमन रेल इंजिनावर ही चाचणी करायची नाही. तिथे रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो.

आता चाचणीकडे फक्त 'मिस कुठला' एवढ्यासाठी न पाहता आवाजासाठीही पाहा. डिझेल बंद केल्यावर टकटकीचे काय होते? ती जवळजवळ पूर्ण थांबली, तर आवाज ज्वलनाच्या जोराने होत होता: नोझलचा नॉक किंवा रॉडचे बेअरिंग. ती होती तशीच राहिली, तर व्हॉल्व्हची बाजू, कारण रॉकरला डिझेल आले की नाही याच्याशी कर्तव्य नाही. आणि ती मऊ झाली पण थांबली नाही, तर? अशा वेळी सिलिंडरमध्ये ज्वलन नाही पण कॉम्प्रेशन चालूच आहे. म्हणजे दाब कमी झाला, शून्य झाला नाही. दाबाबरोबर कमी-जास्त होणारा आवाज हा वायूच्या गळतीचा.

एक प्रकरण

मकराण्याचा दगड वाहणारा असा एक ट्रक विद्यार्थ्यांसोबत तपासायला मिळाला होता. तक्रार नेमकी हीच: सकाळी पांढरा धूर, पहिला पाऊण तास मिस, सतत टकटक. आधीच्या गॅरेजने दोनदा टॅपेट 'सेट' केले होते, आवाज गेला नव्हता, आणि आता हेड उतरवा असा सल्ला मिळाला होता.

मोजणीत दहा सेकंदांत ४९ ठोके. अर्धा वेग. स्क्रूड्रायव्हरने आवाज चौथ्या सिलिंडरजवळ सर्वांत मोठा. पण तिथे रॉकरही आहे आणि इंजेक्टरही, म्हणून तेवढ्याने काही ठरत नाही. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा पट्टा नव्हता. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात इन्फ्रारेड थर्मामीटरने मॅनिफोल्डच्या सहा फांद्या पाहिल्या, चौथी स्पष्टपणे थंड. मग नट ढिले करण्याची चाचणी. ती मुद्दाम इंजिन कोमट असताना केली: पूर्ण थंडीत चौथा पेटतच नव्हता, म्हणून डिझेल बंद करून काही कळले नसते, कोमट असताना तो अर्धवट पेटत होता. बाकीचे पाच बंद करताच इंजिन अडखळले. चौथ्याला किंचित. आणि टकटक मऊ झाली, थांबली नाही.

इथपर्यंत काहीही उघडलेले नाही आणि आपण गळतीपर्यंत पोचलो. व्हॉल्व्हमधून, रिंगमधून किंवा हेड गॅस्केटमधून गळती असती तर ती एक्झॉस्टमध्ये, इनटेकमध्ये, ऑइलच्या झाकणात किंवा रेडिएटरच्या बुडबुड्यांत दिसते. बाहेर अशी कोरडी टकटक ऐकू येत नाही. मॅनिफोल्ड आधीच वगळला होता. उरला इंजेक्टर. त्याच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडले आणि त्या लयीत फेस उसळू लागला. बाजूला डांबरासारखा काळा थर होता, तोही आता नजरेत आला.

यानंतरचा भाग मला सर्वांत शिकवण्यासारखा वाटतो. विद्यार्थ्यांनी खात्रीसाठी इंजेक्टर काढून, भोक साफ करून कॉम्प्रेशन गेज लावला. सहाही सिलिंडर २४ ते २६ बार. चौथाही. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ. १७ च्या रेशोला सूत्राने ४५ बारच्या वर यायला हवेत, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर सोपे आहे, स्टार्टरवर इंजिन हळू फिरते, गळतीला आणि उष्णता जायला वेळ मिळतो, इनटेक व्हॉल्व्हही बीडीसीनंतर बंद होतो. म्हणून आकड्याची तुलना सूत्राशी न करता शेजारच्या सिलिंडरशी करायची. दुसरा प्रश्न अवघड: गळती आहे तर चौथ्याचा आकडा चांगला कसा? कारण गेजचा अडॅप्टर इंजेक्टरच्याच भोकात, स्वतःच्या नव्या वॉशरवर बसतो. गळणारा जोड काढून त्याच्या जागी न गळणारा जोड बसवला आणि मग विचारले, गळते का? चाचणीनेच दोष दूर केला होता. ज्याने साबणाचे पाणी न लावता थेट गेज लावला असता, त्याने 'सिलिंडर ठीक आहे, पंप पाहा' असे लिहून दिले असते.

टॉर्च टाकल्यावर मूळ कारण दिसले. इंजेक्टरबरोबर एक तांब्याचा वॉशर बाहेर आला होता, आणि भोकाच्या तळाशी दुसरा, जुना, काजळीत रुतलेला तसाच होता. कधीतरी नोझल बदलताना जुना न काढता त्याच्यावर नवा ठेवला गेला. त्या खडबडीत, कडक झालेल्या वॉशरवर नवा सपाट बसेना, म्हणून गळती. शिवाय इंजेक्टर एका वॉशरच्या जाडीइतका वर राहिला. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात फवारा पिस्टनच्या वाटीत ठरलेल्या उंचीवर पडायचा असतो. तो वर सरकला की डिझेल आणि हवा नीट मिसळत नाहीत. मिस मारायला गळतीबरोबर हेही एक कारण. नोझलचे टोक हेडच्या पृष्ठापासून किती बाहेर यावे याचे माप मॅन्युअलमध्ये असते, ते उगाच दिलेले नसते.

जुना वॉशर ग्रीस लावलेल्या आकड्याने सावकाश काढावा, म्हणजे तुकडे सिलिंडरमध्ये पडत नाहीत. बैठक साफ करावी, स्टार्टर थोडा फिरवून कचरा बाहेर उडवावा, मग एकच नवा वॉशर आणि ठरलेला टॉर्क. नवा वॉशर मिळालाच नाही तर जुना लाल होईपर्यंत तापवून घेण्याची रीत आहे, आणि ती धातुशास्त्राला धरून आहे. दाबाने कडक झालेले तांबे तापवल्यावर मऊ होते. पाण्यात बुडवल्याने पोलादासारखे ते कडक होत नाही. पाण्याने फक्त वरची पापडी सुटते.

टॅपेट शांत करण्याचा धोका

टकटक गेली, थंडीतला मिस गेला. पण रॉकर कव्हर उघडणे अजून बाकी होते, कारण दोनदा झालेल्या 'सेटिंग'ने काय केले ते पाहणे आवश्यक होते. या घराण्याच्या इंजिनांत थंड स्थितीत इनटेकला सुमारे ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट ठेवतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्यावा. इथे फीलर गेज लावला तर तीन एक्झॉस्ट व्हॉल्व्हना ०.१० ची पट्टीही जेमतेम जात होती. आवाज बंद करण्याच्या नादात फट मारली गेली होती.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापला की त्याची दांडी लांबते. फट अपुरी असेल तर व्हॉल्व्ह बैठकीवर पूर्ण टेकत नाही. आणि व्हॉल्व्हच्या डोक्याची बहुतेक उष्णता टेकलेल्या वेळातच बैठकीतून हेडमध्ये जाते. ती वाट बंद झाली की कडा जळतात, मग कॉम्प्रेशन गळते, मग खरोखरच हेड उतरवावे लागते. थोडी जास्त फट असलेला टॅपेट आवाज करतो आणि सांगतो तरी. फट संपलेला गप्प असतो. जुन्या, बैठकी झिजलेल्या इंजिनात फट आपोआप कमी होत जाते, म्हणून 'आता इंजिन पूर्वीपेक्षा शांत झाले' हे वाक्य ऐकले की मी फीलर गेज मागवतो.

फट लावताना फायरिंग ऑर्डरचा उपयोग होतो. १-५-३-६-२-४ ही मालिका मधोमध दुमडली की जोड्या मिळतात: १-६, ५-२, ३-४. जोडीतल्या एका सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा दुसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर असतो आणि त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे असतात. चौथ्याची फट लावायची तर तिसऱ्याकडे बघायचे. लॉकनट घट्ट केल्यावर फट पुन्हा मोजावी, कारण नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो.

स्वाध्याय

१. ४९७ इंजिन ७५० आरपीएमला चालते आहे. एका टॅपेटचे वीस सेकंदांत किती ठोके पडतील? एक सिलिंडर बंद असेल तर हादऱ्याची वारंवारता किती?

२. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असलेल्या इंजिनासाठी व्हॉल्व्ह फटीच्या जोड्या लिहा.

३. सिलिंडरमध्ये ५ बारची हवा सोडून लीक-डाउन चाचणी करायची आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर का हवा? हवा सोडताना क्रँक फिरू नये म्हणून काय कराल? आणि वरच्या प्रकरणातला दोष या चाचणीत सापडला असता का?